नावेवरची रेघ कोण ओढणार?

१५ जानेवारी २०१९ हा मकर संक्रांतीचा दिवस होता. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात, भूषा या नर्मदाकाठच्या ठिकाणी, पर्वस्नानासाठी व नर्मदामाईच्या पूजेसाठी निघालेल्या वनवासी बंधुभगिनींची नाव पाण्यात उलटली. नावेत साठाच्या आसपास माणसे होती. आयाबाया होत्या, कडेवरची लेकरे होती. काठावरच्या लोकांनी आणि अन्य नावांनी धाव घेतल्यामुळे बहुतेकांचे प्राण वाचले. पण किमान सहा जण परतले नाहीत आणि त्यांत बालके होती. ज्या नदीच्या पाण्याला हात जोडून वर्षाचा सण साजरा करायचा, त्याच पाण्यातून दुपारी मुलांचे देह बाहेर काढण्याची वेळ त्या डोंगरातील गावांवर आली. नाव प्रमाणाबाहेर भरली होती, हे त्याच दिवशी पुढे आले. त्यानंतरची सारी वाट नेहमीचीच होती. मंत्र्यांचे सांत्वन झाले, साहाय्याची घोषणा झाली, चौकशीचा आदेश निघाला आणि चार दिवसांनी वृत्तपत्रांचे पहिले पान दुसऱ्या विषयाकडे वळले.

धडगाव आणि अक्कलकुवा हे तालुके १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचेच होते. जिल्ह्याची सीमा कागदावर हलली म्हणून खानदेशाचे सुखदुःख वाटले जात नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार ही तापीच्या खोऱ्याने एकत्र बांधलेली भूमी आहे आणि सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर तिला नर्मदेचा काठ लाभला आहे. म्हणून भूषाच्या दुर्घटनेचा विचार जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर बसूनही करावा लागतो आणि धुळ्याच्या पांझरेच्या पुलावर उभे राहूनही.

नर्मदेच्या त्या काठाची स्थिती आधी समजून घेतली पाहिजे. सरदार सरोवर प्रकल्पाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत नेण्यात आली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला. प्रकल्प हवा होता की नको, हा वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. धरण झाले आहे, पाणी आले आहे आणि गुजरातच्या शेतांना व घरांना ते मिळतही आहे. प्रश्न पाण्याच्या काठावर उरलेल्या माणसांचा आहे. पूर्वी जी नदी होती, तिची ओळख पिढ्यांची होती. कोठे उतार आहे, कोठे डोह आहे, कोणत्या खडकाजवळ पाणी भोवरा धरते, हे काठावरच्या पोरालाही ठाऊक असे. जलाशयाची अशी ओळख कोणाजवळ नाही. दरीच्या दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मध्ये अथांग पाणी, पाण्याखाली बुडालेली झाडे व घरांची जोती, आणि मोकळ्या पृष्ठभागावर वाऱ्याने उठणाऱ्या लाटा. पातळी उतरली की काठावर गुडघाभर गाळ. ज्या पायवाटांनी एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाता येई, त्या पाण्याखाली गेल्या. तेव्हा नाव ही तेथे करमणुकीची वस्तू राहिलेली नाही. ती रस्ता आहे, एस.टी. आहे, शिधावाटपाची गाडी आहे आणि रुग्णवाहिकाही आहे. शासनानेच तेथे तरंगता दवाखाना चालविला, बोट अँब्युलन्स दिल्या. २०२० च्या साथीच्या काळात त्याच परिसरातील एक अंगणवाडी सेविका स्वतः नाव वल्हवत पाड्यापाड्यांवर गरोदर मातांना व बालकांना आहार पोहोचवीत होती. तिचे छायाचित्र देशभर छापले गेले, सर्वांनी कौतुक केले, आणि ते कौतुक योग्यच होते. परंतु तिच्या नावेची तपासणी कोणी करीत असेल का, हा प्रश्न त्या कौतुकात कोणाला सुचला नाही.

अतिभाराचे हे दुखणे एकट्या नर्मदाकाठचे नाही. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी गेले. कोकणातील जुन्या घरांत आजही त्या दिवसाची आठवण निघते. अलीकडची उदाहरणे तर ताजीच आहेत. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीवरील श्रीक्षेत्र झुंज येथे, दशक्रिया विधीसाठी जमलेल्या आप्तांपैकी अकरा जण नाव उलटून बुडाले. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात मिरची तोडणीला निघालेल्या सहा स्त्रिया वैनगंगेने नेल्या. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात, करमाळ्यातील कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली, पंधरा जण मृत्यू पावले. या शेवटच्या अपघातातील दोष प्रवासी नावेचा नव्हता. पण असंख्य प्रवाशांच्या अंगावर तरंगते जॅकेट नव्हते, ही गोष्ट सर्वांनी पाहिली. जॅकेट घालण्याची सक्ती गेटवेवर झाली ती त्यानंतर. म्हणजे राजधानीत, राज्याच्या सागरी कारभाराच्या डोळ्यांसमोर, जे व्हायला पंधरा बळी द्यावे लागले, ते धडगावच्या दरीत आपोआप होईल, अशी आशा कोणी बाळगू नये.

यातील झुंज, गडचिरोली आणि भूषा ही तीन नावे पुन्हा वाचावीत. एका ठिकाणी पितरांचे कार्य, दुसऱ्या ठिकाणी मजुरी, तिसऱ्या ठिकाणी पर्वस्नान. नावेत बसलेली माणसे हौसेची प्रवासी नव्हती. आपल्या समाजाचे धार्मिक जीवन पाण्याशी जोडलेले आहे आणि गरिबाचे पोटही पाण्याशी जोडलेले आहे. म्हणूनच ‘नावेत बसू नका’ हा उपदेश व्यर्थ आहे.

दुर्घटना घडली की एक शब्द हटकून ऐकू येतो : दैव. प्राचीन भारतीय राज्यव्यवस्थेने मात्र हा शब्द इतका स्वस्त केला नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्ष या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्याय आहे. नद्यांवरील व तळ्यांवरील नावांची, उतारांची, तरीच्या भाड्याची व्यवस्था त्याच्याकडे. मोठ्या नदीवरील मोठ्या नावेवर कोण माणसे असलीच पाहिजेत, हे तेथे सांगितले आहे : नावेचा प्रमुख, सुकाणू धरणारा, दोर व कोयता सांभाळणारा आणि आत शिरलेले पाणी उपसणारा. पाणी उपसण्यासाठी वेगळा माणूस नेमला पाहिजे, हे ज्या शास्त्रकाराला दोन सहस्रकांपूर्वी सुचले, त्याला नावेचा अनुभव केवढा असेल! ठरलेल्या उताराशिवाय आणि ठरलेल्या वेळेशिवाय नदी ओलांडणाऱ्याला दंड होता. बालक, वृद्ध, रुग्ण आणि गर्भवती यांना तर भाड्यातून सूट होती. सर्वांत महत्त्वाची तरतूद वेगळीच आहे. माणसे अपुरी आहेत, साधने नाहीत किंवा नाव दुरुस्त केलेली नाही, अशा कारणाने नाव बुडाली, तर झालेली हानी नावाध्यक्षाने भरून द्यायची. दोष पाण्याचा नाही, वाऱ्याचा नाही, गरीब नावाड्याचाही केवळ नाही. ज्याच्याकडे व्यवस्था सोपविली, त्याचा आहे. आपल्या पूर्वजांच्या नौकाविद्येचा अभिमान सभांतून पुष्कळ सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखा आहेही. पण अभिमानाच्या त्या यादीत या जबाबदारीच्या कलमाचा उल्लेख क्वचितच होतो. भूषाच्या घटनेनंतर महाराष्ट्रातील कोणत्या नावाध्यक्षाने हानी भरून दिली? नावाध्यक्ष हे पदच आज कोणाच्या खुर्चीला लावावे, हे सांगणे कठीण आहे.

कायदा नाही असे नाही. मुंबई इलाख्याचा फेरी आणि अंतर्देशीय नौकांचा कायदा १८६८ चा आहे. तेव्हा खानदेशात आगगाडी नुकती येऊन स्थिरावत होती. पुढे १९१७ चा अंतर्देशीय नौकांचा केंद्रीय कायदा आला आणि शंभर वर्षे तो चालला. २०२१ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा अंतर्देशीय जलयान अधिनियम केला आणि तो २०२२ मध्ये अमलात आला. इंजिनावर चालणाऱ्या नावांची नोंदणी, तपासणी, कर्मचाऱ्यांची पात्रता, विमा या गोष्टी त्यात आहेत. वल्ह्याच्या नावाही त्यातून सुटलेल्या नाहीत. जिल्हा, तालुका, पंचायत किंवा गाव पातळीवर त्यांची नोंद करून घेण्याची व्यवस्था या कायद्याने कल्पिली आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्येच नौका-सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. भाडे घेऊन अतिभारित वा असुरक्षित नावेतून माणसे नेणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २८२ खाली गुन्हा होताच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच गुन्हा कलम २८४ मध्ये आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने तर हतनूर धरणापासून खंबातच्या आखातापर्यंतची ४३६ किलोमीटर तापी ‘राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १००’ म्हणून घोषित केली आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील किती वाचकांना आपण एका राष्ट्रीय जलमार्गाच्या काठी राहतो, याची कल्पना असेल? हतनूरच्या ४१ दरवाजांखालून कोणती मालवाहू नौका निघून सुरतेस पोहोचणार आहे, हे विधात्यासच ठाऊक. मधे बंधारे आहेत, उकाई आहे आणि उन्हाळ्यात पात्रात वाळू. क्रमांक मिळाला, मार्ग मिळाला नाही. असो.

कायद्यांची ही रास दिल्ली-मुंबईत रचली जाते आणि काठावर पोहोचेपर्यंत तिचे काय होते, हा खरा विषय आहे. महाराष्ट्रात नावांची तपासणी व परवाने पाहणारे मेरीटाईम बोर्ड १९९६ च्या कायद्याने स्थापन झाले ते प्रामुख्याने बंदरांसाठी. त्याचा पिंड कोकण किनाऱ्याचा. सातपुड्याच्या आडच्या पाड्यावर लाकडाची एक नाव आहे, तिला कोणीतरी जुने डिझेल इंजिन जोडले आहे. ज्या क्षणी इंजिन जोडले, त्या क्षणी ती नाव कायद्याच्या दृष्टीने निराळी वस्तू झाली. तिला सर्वेक्षण हवे, प्रमाणपत्र हवे, पात्र चालक हवा. हे सारे मिळविण्यासाठी त्या नावाड्याने कोणत्या कार्यालयाचा उंबरा झिजवायचा? त्याला तहसील कचेरी गाठायलाच दिवस जातो. परिणामी नियम पाळणे अशक्य आणि न पाळणे सोयीचे होते. प्रशासनालाही ते सोयीचे असते, कारण ज्या नावेची नोंद नाही, तिच्याबद्दल कोणी जाब विचारीत नाही. आणि दुर्घटना झालीच, तर ‘अनधिकृत नाव’ हा शब्द तयार असतो. गावाला दुसरा रस्ता ठेवायचा नाही आणि जो एक उरला त्याला अनधिकृत ठरवायचे, याला न्याय म्हणता येणार नाही.

केरळचे उदाहरण या दृष्टीने डोळे उघडणारे आहे. तेथे जलवाहतूक हा रोजचा व्यवहार, साक्षरता मोठी, नियमांची वाण नाही. २७ जुलै २००२ रोजी कुमरकम येथे २९ जण गेले. न्यायमूर्ती नारायण कुरूप यांचा आयोग बसला. ३० सप्टेंबर २००९ रोजी तेक्कडीच्या जलाशयात पर्यटक नाव कलंडून ४५ जण मृत्यू पावले. पुन्हा चौकशी झाली. ७ मे २०२३ रोजी तानूर येथे मासेमारीच्या नावेचे रूप पालटून केलेली पर्यटक नाव बुडाली आणि २२ जण गेले. त्यांत लहान मुले बरीच होती. आयोगांच्या अहवालाने नाव तरंगत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. खानदेशातील शाळांच्या सहली गुजरातेत जातच असतात, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

मग करायचे काय? येथे एक जुनी विलायती गोष्ट सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे जहाजमालक गलबते ठासून भरीत. बुडाले तर विमा मिळे, खलाशी मात्र मरत. सॅम्युअल प्लिम्सॉल नावाच्या एका संसद सदस्याने या अनाचाराविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली आणि १८७६ मध्ये कायदा करून घेतला : प्रत्येक जहाजाच्या अंगावर एक रेघ ओढायची, माल भरताना ती पाण्याखाली गेली की भरणे थांबवायचे. कल्पना इतकी सोपी की निरक्षर हमालालाही समजावी. पण त्या कायद्यात एक भोक राहिले होते. रेघ कोठे ओढायची, हे मालकावर सोडले होते! ती जागा ठरविण्याचा अधिकार कायद्याने मालकाच्या हातून काढला तो १८९० मध्ये. रेघ असणे आणि रेघ योग्य माणसाने ओढलेली असणे, या दोन गोष्टींत चौदा वर्षांचे अंतर पडले. आज जगातील प्रत्येक मोठ्या जहाजावर ती रेघ दिसते. तापी-नर्मदेच्या नावांवर ती का नसावी?

तिचे गणित अवघड नाही. वीस फूट लांब आणि पाच फूट रुंद अशी साधारण लाकडी नाव घेतली, तर एक प्रौढ माणूस चढला की ती सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते. पंचवीस माणसे अधिक चढली की काठ पाण्यापासून पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर आणखी खाली आला. वारा पडलेला आहे, पाणी काचेसारखे आहे, तोवर अशी नाव चालते. ‘काल तर सत्तर माणसे नेली होती’ असे नावाडी सांगतो ते खोटे नसते. पण एक लाट, एक वळण, किंवा काठ जवळ आला म्हणून दहा माणसांनी एकदम उभे राहणे पुरे होते. उभे राहिल्याने भाराचा मध्य वर सरकतो, नाव कलते, कललेल्या बाजूचा काठ पाण्याला लागतो. आणि पाणी एकदा आत शिरले की ते त्याच बाजूला जमते व नावेला आणखी ओढते. हे सारे काही क्षणांत होते. तेक्कडीला नावेतील मंडळी प्राणी पाहण्यासाठी एका बाजूला झुकली होती. म्हणून बसून राहणे हा शिष्टाचाराचा भाग नाही, तो जगण्याचा भाग आहे.

ही रेघ ओढण्याचे काम गावाचे आहे. मुंबईहून कोणी येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ‘गाव हे काय करणार?’ असे म्हणणाऱ्यांनी खानदेशाचाच इतिहास पाहावा. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम-आरमवर फड बागायतीची पद्धत शतकानुशतके चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, लाभक्षेत्राचे फड आणि प्रत्येक फडात कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि तंट्याला पंच. कोणतेही सरकारी खाते नसताना पाण्यासारख्या भांडणाच्या विषयात गावांनी नियम केले, पाळले आणि मोडणाऱ्याला दंडही केला. वाहते पाणी ज्यांनी वाटून घेतले, त्यांच्या वंशजांना नावेत किती माणसे बसवावी हे ठरविता येणार नाही, असे मानणे हा त्यांचा अवमान आहे. शिवाय धडगाव-अक्कलकुवा हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला तेथे विशेष स्थान दिले आहे. जिल्हाधिकारी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. ग्रामसभेने ठराव करावा आणि जिल्हाधिकाऱ्यांनी त्याला आदेशाचे बळ द्यावे, एवढीच सांगड घालायची आहे. वाराणसीत नावांना परवाना तेथील नगरनिगम देते. काम स्थानिक संस्थेला झेपते याचा हा पुरावा.

ठराव लांबलचक नको. रेघ कोठे येते ते जलसंपदा विभागाच्या अभियंत्याने आणि गावातील दोन जाणत्या नावाड्यांनी नाव पाण्यात घालून, माणसे बसवून ठरवावे. मालकाने एकट्याने नव्हे, हा प्लिम्सॉलचा धडा. रेघेच्या शेजारी माणसांचा आकडा मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावा. सूर्यास्तानंतर आणि वारा उठल्यावर नाव सोडू नये. अपवाद फक्त रुग्णाचा. नाव सुटण्यापूर्वी डोकी मोठ्याने मोजावी, म्हणजे काठावरच्यालाही आकडा कळेल; दुर्घटना झालीच तर किती जणांना शोधायचे हे तरी ठाऊक राहील. इतर घटनांमध्ये बुडालेल्यांचा आकडा दोन-दोन दिवस बदलत राहतो तो याचमुळे. तरंगती जॅकेटे ग्रामपंचायतीच्या मालकीची असावीत, आणि लहान मुलांच्या मापाची वेगळी असावीत. मोठ्याचे जॅकेट पोराच्या डोक्यावरून निघून जाते. जॅकेटे येईपर्यंत घट्ट बूच लावलेले रिकामे वीस लिटरचे कॅन दोरीने नावेला बांधून ठेवावेत. पाण्यात माणसाचे तोंड वर राहायला थोडाच आधार लागतो; असा एक कॅन दोघांना सहज धरून ठेवतो. यासाठी कोणत्याही निविदेची गरज नाही.

जळगाव-धुळ्याच्या सपाटीवर प्रश्नाचे रूप थोडे वेगळे आहे. येथे पूल झाले, नावांवरचा भार घटला. तरी तापीकाठी अजून अशी गावे आहेत की जेथे शेत एका तीरावर आणि घर दुसऱ्या तीरावर आहे. खेडीभोकरी ते भोकर या मार्गावर वर्षानुवर्षे पावसाळ्यानंतर तात्पुरता पूल उभारला जाई आणि पावसाळ्यात तो मार्ग बंद पडे. अशा ठिकाणी पाणी उतरण्याची घाई जीवघेणी ठरू शकते. हतनूरचे दरवाजे उघडले की खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथपर्यंत नदीचा नूर बदलतो. काठावरच्या गावाला ती सूचना वेळेत मिळाली पाहिजे, आणि नावाड्याला सर्वांत आधी. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेने धुळे शहरात जे रूप दाखविले, ते विसरण्याजोगे नाही.

आणि सण आहेत. खानदेशाची कानबाई श्रावणात येते. रविवारी तिची स्थापना, रोट, रात्रभर जागर आणि सोमवारी नदीवर निरोप. नेमके त्याच दिवसांत तापी-गिरणा भरलेल्या असतात. पाठोपाठ गणेशविसर्जन. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर, मुडावदला तापी-पांझरेच्या संगमावर, प्रकाश्याला दक्षिण काशीत भाविकांची दाटी होते ती पर्वणीला. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. या गर्दीच्या दिवशी नावाड्याच्या कमाईचा हंगाम असतो आणि नावेत ‘आणखी दोघे घे रे दादा’ म्हणणारेही पुष्कळ असतात. येथे एक कडू गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अतिभार हा केवळ नावाड्याच्या लोभाचा परिणाम नसतो. काठावर थांबण्याची तयारी नसलेल्या सुशिक्षित कुटुंबांचाही तो परिणाम असतो. जो नावाडी वीस माणसांवर नाही म्हणतो, त्याच्यावर ओरडणारा, ओळख सांगणारा, प्रसंगी मंडळाचा बिल्ला दाखविणारा माणूस बहुधा आपल्याच ओळखीतला निघतो. विसर्जनाच्या तराफ्यावर मूर्तीबरोबर चारच माणसे जावीत असे ठरले असताना चौदा चढतात, ती कोणत्या मंडळाची असतात?

नावाड्यांच्या बाजूने एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माणसे अर्धी केली तर फेऱ्या दुप्पट होतील, डिझेल दुप्पट लागेल, भाडे वाढेल. ते कोण देणार? भोई, कोळी, भिल्ल, पावरा अशा कुटुंबांतील हे लोक पिढ्यान् पिढ्या नाव चालवितात, बुडणाऱ्याला वाचवायला पहिली उडी तेच घेतात. भूषालाही तेच धावले. त्यांच्यावर खटला भरणे सोपे आहे, त्यांना उभे करणे अवघड. पण जेथे नाव हाच रस्ता आहे, तेथे रस्त्यावर जो खर्च झाला असता त्याचा लहानसा अंश शासनाने नावेवर करावा, हे मागणे अवाजवी नाही. सणाच्या दिवशी दोन जादा नावा जिल्हा प्रशासनाने लावाव्यात, नावाड्याला इंधनाचा खर्च द्यावा, प्रवाशांचा विमा ग्रामपंचायतीमार्फत उतरवावा. गाव सामान्य भाड्यात जाईल आणि नावाड्याला वीस माणसांवर थांबणे परवडेल. नियमांचे पालन परवडले नाही, तर नियम कितीही चांगले असोत, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर राहतात.

खानदेशातील कार्यकर्त्यांच्या हाताला यात काम आहे आणि ते मोठ्या निधीचे नाही. पुरात धावून जाणे, अपघातात रक्त देणे, यात्रेत पाणी वाटणे हे स्वयंसेवकांना नवे नाही. संकट येण्यापूर्वी काठावर उभे राहून डोकी मोजणे हे काम मात्र कमी दिखाऊ आहे. त्याचे छायाचित्र निघत नाही, उलट लोकांचे बोल ऐकावे लागतात. धडगाव, अक्कलकुवा, शिंदखेडा, शिरपूर, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांत नदीकाठच्या प्रत्येक गावात किती नावा आहेत, त्यांतील किती इंजिनाच्या, किती वल्ह्याच्या, कोणाच्या मालकीच्या, किती जुन्या, याची साधी यादी प्रथम व्हावी. दोन तरुण, एक वही आणि एक सुटीचा दिवस प्रत्येक गावाला पुरे आहे. ही यादी तहसीलदारांच्या हाती दिली, की ‘नोंद नाही’ हे उत्तर तरी बंद होईल आणि २०२१ च्या कायद्याने सांगितलेली नोंद घेणे त्यांना भाग पडेल. शाळांतील शिक्षकांनी पोहणे आणि तरंगत राहणे शिकविण्याचा विचार करावा. नदीकाठच्या गावात राहून मुलींना पोहता येत नाही, ही स्थिती पालटायला हवी. चामोर्शीच्या त्या स्त्रियांची आठवण येथे पुन्हा होते.

मकर संक्रांत दरवर्षी जानेवारीच्या मध्याला येते, तिची तारीख शोधावी लागत नाही. दिवाळी झाली की पाऊस ओसरलेला असतो आणि नावा काठावर ओढून फटी बुजविण्याचे, डांबर लावण्याचे दिवस येतात. त्याच वेळी पांढऱ्या रंगाचा एक डबा आणि एक कुंचला लागेल. भूषाच्या घाटावर पुढच्या संक्रांतीला जी पहिली नाव सुटेल, तिच्या अंगावर ती रेघ आहे की नाही, हे नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः काठावर जाऊन पाहावे, आणि रेघ पाण्याखाली गेलेली दिसली तर जागेवरच नाव थांबवावी.